खरं पडणं, खोटं पडणं

मिरच्या भाजायला सुरुवात झाली की आमच्या गल्लीत कुणालाच धड बोलता येत नसे. आई परसात चूल मांडायची, मोठ्या कढईत तेलाचा हात फिरवून संकेश्वरी आणि ब्याडगी परतायला घ्यायची, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ठसकत ओरडायच्या, "आवो, जरा सांगून तरी भाजत चला की!" आई नाकाला पदर लावून इकडून ओरडायची, "सांगाय तोंड उघडलं तर मीच मरंन की!" उन्हाळ्याच्या तोंडचे ते दोन-तीन महिने आई लोकांना कांदा-लसणाची चटणी करून द्यायची. अंगणात चटयांवर मिरच्या वाळत पडलेल्या, सोप्यात लसणाच्या पाकळ्यांचा ढीग, कोपऱ्यावरच्या चटणी कुटायच्या डंकाची दिवसभर धाडधाड. त्या आवाजाची इतकी सवय झालेली की वीज जाऊन डंक थांबला की धाकटा विज्या झोपेतून जागा व्हायचा.

आणि नेमका तोच हंगाम फुटबॉलचा. आप्पा, म्हणजे आमचे वडील, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर उभं राहून उभं राहून त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. तरुणपणी ते आमच्या पेठेच्या संघाकडून खेळले, पुढं गुडघा गेला तसे पंच झाले. सामन्याच्या दिवशी ते फक्त दहीभात खायचे. पोटात तिखट असलं की डोकं तापतं आणि तापल्या डोक्यानं शिट्टी वाजवू नये, असं त्यांचं मत होतं. काळी पँट, काळा शर्ट आई स्वतः इस्त्री करायची, पण कपडे वाळायचे परसात, म्हणून मैदानावर उभे राहिले तरी त्यांच्या अंगाला भाजलेल्या मिरचीचा वास यायचा. पोरं म्हणायची, "आप्पा आलं, आता ठसका लागणार." कार्ड दाखवणं याला मैदानावर 'ठसका लागणं' असा शब्दच पडला होता.

मैदानावर मुली फारशा येत नसत. मी लहानपणापासून आप्पांचं बोट धरून जायची, आणि पुढं बोट सुटलं तरी जायचं सुटलं नाही. मी दहावीत गेल्यावर एका मावशीनं आईला टोकलं, "एवढी थोरली पोरगी, पोरांच्यात बसून बॉल काय बघतीया?" आई म्हणाली, "बघतीया तर बघू दे की. डोळं तिचं हाईत." तेवढ्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी वर्षं निघाली. पंचांच्या टेबलामागं एक खुर्ची माझी असायची. एका बाजूला एका पेठेची हलगी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पेठेची, आणि मधल्या हिरव्या-तांबड्या मैदानात माझे आप्पा एकटे. ते कुणाच्याच बाजूचे नाहीत याचं मला फार वाटायचं. कौतुक, आणि थोडी भीतीसुद्धा.

त्या वर्षांत आमच्या गावात रंगा नावाचा एक खेळाडू होता. दुसऱ्या पेठेचा, शिडशिडीत, पुढच्या फळीत खेळायचा. त्याची आई बाजारात माळवं, म्हणजे भाजीपाला, विकायची आणि तो सकाळी तिच्या पाट्या उचलून द्यायचा. पायात बॉल आला की रंगा गर्दीतून असा निसटायचा, की ज्याला चुकवलं तोसुद्धा क्षणभर कौतुकानं बघत राहायचा. पण सगळं गाव त्याला ओळखायचं ते 'पडका रंगा' म्हणून. गोलपुढच्या चौकोनात शिरला आणि बचाव करणाऱ्याचा नुसता वारा लागला तरी हा कोसळायचा. दोन्ही हात आभाळाकडं, मान मागं, आणि मग लोळण. पंचाची शिट्टी वाजली की पेनल्टी, पेनल्टीवर गोल, आणि संध्याकाळी त्याच्या गल्लीत हलगीवर नाच. दुसऱ्या पेठांची पोरं रस्त्यात त्याला बघितलं की उगीच धपकन पडून दाखवायची. तोही हसायचा.

हे खोटं पडणं ओळखायचं कसं, हा मला तेव्हा लागलेला नाद. गणितापेक्षा मी त्याचाच विचार जास्त केला असेन. आप्पांना एकदा जेवताना विचारलं, तर ते भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "हात बघायचं. खरं पडणारा माणूस आधी हात टेकतो, तोंड फुटू नये म्हणून. खोटं पडणाऱ्याचं हात वर जात्यात, कारण ते मला दिसाय पायजेत." मला ते पटलं, पण मी नुसतं ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हते. दुसऱ्या दिवशी विज्याला कामाला लावलं. त्यानं सोप्याच्या खांबाआड लपायचं, मी अंगणात येरझाऱ्या घालायच्या, आणि मला नकळत कधीतरी त्यानं पाय आडवा घालायचा. मग तेच मी मुद्दाम करून बघायचं. आप्पांचं खरं निघालं. पाय अडकला की मला काही कळायच्या आत हात जमिनीला पोचलेले असत. मुद्दाम पडताना मात्र हात कुठं न्यायचे हे मला ठरवावं लागायचं, आणि पडता पडता मान आपोआप विज्याकडं वळायची, तो बघतोय का म्हणून. प्रयोग इथं थांबला असता तर बरं झालं असतं. विज्याला चेव चढला आणि त्यानं मला मिरच्यांच्या चटईजवळ पाडलं. मी हात टेकले ते सरळ वाळत्या मिरच्यांत, आणि नंतर डोळे चोळले. आईनं माझं तोंड ताकानं धुतलं आणि धुता धुता पाठीत धपाटे घातले. "शिकाय पाठवलीया आन् ही पडाय शिकालीया!"

आता माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत आणि न्हाणीघरात पाय घसरायची भीती वाटते, तेव्हा आपण हौसेनं दुपारभर पडत होतो हे आठवून मलाच हसू येतं.

त्या हंगामातला मोठा सामना आप्पांच्या वाट्याला आला. रंगाचा संघ खेळणार होता, आणि पुण्याच्या एका कारखान्याचा माणूस त्यांच्या संघासाठी खेळाडू बघायला येणार, ही बातमी आठवडाभर गावात होती. ज्याला तो निवडेल त्याला कारखान्यात नोकरी. रंगाच्या गल्लीत सगळे धरूनच चालले होते की जाणार तर रंगाच जाणार. मैदान भरलं होतं. झाडांवरसुद्धा पोरं होती. रंगा त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी बघितला नव्हता. पहिल्या अर्ध्यात एकदा तो पडला, नेहमीसारखा, हात वर करून. आप्पांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. लोक हसले, रंगाही हसला, कपडे झटकून पळायला लागला. त्यानंतर बराच वेळ तो एकदाही पडला नाही. त्याला ओढलं, ढकललं, तरी उभाच. मला वाटलं, पुण्याच्या माणसासाठी सुधारलाय.

सामना संपत आला होता, बरोबरीत. रंगा उजवीकडून चौकोनात शिरला. समोरच्या संघाचा एक थोराड बॅक आडवा आला, दोघं एकमेकांत मिसळले आणि रंगा कोसळला. दोन्ही हात वर, मान मागं. मी टेबलामागून उठून बघत होते. मनात म्हणाले, खोटं. आप्पा धावत आले, शिट्टी वाजली, आणि खिशातून पिवळं, त्याच्यामागून तांबडं कार्ड निघालं. सगळं मैदान फुटलं. हलग्या वाजायला लागल्या. रंगा उठेना. पोटरी धरून पडला होता आणि काहीतरी ओरडत होता, पण गोंगाटात ऐकू येत नव्हतं. स्ट्रेचर घेऊन दोघं आत निघाले, तर आप्पांनी हातानंच त्यांना थांबवलं. मग रंगाच्या दंडाला धरलं आणि उभं केलं. "ऊठ. बास झालं नाटक. चालत जा भाईर." रंगा चालला. एक पाय ओढत, तोंड वाकडं करत, मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, आणि सगळं मैदान त्याच्या प्रत्येक पावलाला हलगीचा एकेक ठोका देत होतं. लोकांना वाटलं, काय सोंग वठवतोय. मीही हसले. माझ्याजवळून तो गेला तेव्हा त्याच्या ओठावर रक्त दिसलं. वेदनेनं त्यानं स्वतःचाच ओठ चावला होता, पण ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा कामावरून लवकर घरी आले. डबा न उघडताच परत आणलेला. वर्कशॉपमधल्या कुणीतरी सांगितलं होतं की रंगाच्या घोट्याच्या वरचं हाड मोडलंय. ते आधी नुसतं चिरलं होतं. उचलून नेलं असतं तर प्लास्टरवर भागलं असतं. चालल्यामुळं ते सरकलं, आणि आता ऑपरेशन करून आत पट्टी बसवावी लागणार. आप्पा सोप्यात खाली बसले. आई लसूण सोलत होती, ती थांबली.

"मी त्येला चालवला," आप्पा म्हणाले. "धरून उठवला आन् चालवला."

"तुमास्नी काय म्हाईत?" आई म्हणाली.

"मला म्हाईत न्हवतं, हेच तर म्हणालोय मी. म्हाईत न्हवतं, तरी चालवला."

 संध्याकाळी आईनं बकऱ्याचा पाया आणला, रात्रभर मंद चुलीवर त्याचा रस्सा शिजवला, आणि सकाळी पितळी डबा आप्पांपुढं ठेवून म्हणाली, "हाडाला चांगला असतोय. शालन, तू बी जा ह्यांच्यासंगं. एकट्याच्यानं हुंबऱ्यातनं आत जाववणार न्हाय." शालन म्हणजे मी.

रंगाचं घर दोन खोल्यांचं. दारातच त्याच्या आईच्या रिकाम्या पाट्या रचलेल्या. ऑपरेशनला अजून चार दिवस होते, तोवर त्याला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, पाय उशीवर. आप्पा दारात उभे राहिले. रंगाची आई बाहेर आली, पदराला हात पुसत. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. ती म्हणाली, "तुमीच ते पंच न्हवं? या की. दारात का हुबं?" आणि आत वळून म्हणाली, "रंग्या, उठून बस. ज्येच्याफुडं पडत हुतास, त्यो आलाय."

आप्पांनी डबा खाली ठेवला. "माझं चुकलं बाबा," ते म्हणाले. आपले वडील कुणापुढं तरी असं उभे आहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होते. "लागलंय का न्हाय, एवढं तरी मी इचारायला पायजे हुतं."

रंगानं उशीवरचा पाय दोन्ही हातांनी जरा सरकवला. पुण्याचा माणूस दुसऱ्या एका पोराला घेऊन गेला होता, हे त्याला कळलेलं असणार. मग तो म्हणाला, "इचारलं असतं तर काय, मी लागलंय असंच म्हणालो असतो. दरवेळी तेच म्हणतोय की मी." आणि हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला.

त्यानंतर एक दिवसाआड आम्ही पायाच्या रश्श्याचा डबा घेऊन जायला लागलो. आधी आप्पा नुसते बसायचे, पण दोघंही फुटबॉलची माणसं, किती वेळ गप्प बसणार? एका संध्याकाळी मीच विचारलं. मला राहवेना. "रंगादादा, त्या दिवशी तू खरंच पडलास, तर मग हात वर कसे गेले?" आप्पांनी माझ्याकडं रागानं बघितलं. पण रंगादादा एकदम उठून बसला, जणू तोही त्याच प्रश्नाशी खेळत पडला होता.

"तेच तर कळंना झालंय मला," तो म्हणाला. "त्येचा बूट बसला तवाच कळलं, काय तरी मोडलं. पर हात आपोआप वर गेलं. किती वर्सं तसंच पडतोय, शालन. अंगाला म्हाईतच न्हाय आता दुसरं पडणं. खरं लागलं तरी म्या खोटंच पडलो बघ." त्यानं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "आप्पा, तुमचं काय चुकलं न्हाय. जे दिसलं ते खोटंच दिसत हुतं."

आप्पांना त्यानं समाधान वाटलं नाही, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. ते म्हणाले, "म्हंजे हात बघूनसुद्धा कळत न्हाय. मग काय बघायचं?" आयुष्यभर जिच्यावर विसंबले ती खूण हातातून निसटली होती. पण त्यांच्या आवाजात दुःखाबरोबर दुसरंही काहीतरी होतं. लेथवर एखादा भाग मापात बसेनासा झाला की ते असेच बोलायचे.

मग शिक्षेवर बोलणं सुरू झालं, आणि ते कितीतरी संध्याकाळी चाललं. आप्पांनी सरळ विचारलं, "रंगा, कुठल्या शिक्षेला तू भ्याला असतास?" रंगादादा म्हणाला, "कार्डाला तर न्हाय. कार्ड म्हंजे तिकीट हो. खेळ बघायचा म्हटल्यावर तिकिटाला पैसं पडत्यात. लई वेळा पडलं की एकांदा धरणार, बाकीच्या वेळंला गोल." आप्पा म्हणाले, पुढचे सामने बंद केले तर? तो म्हणाला, फायनलला पुढचा सामना असतोय कुठं? आप्पा म्हणाले, सामना झाल्यावर कळलं तर गोल काढून घ्यायचा? रंगादादा म्हणाला, "आन् हलगी वाजवली ती कशी काढून घेणार? मी पडून पेनल्टी मिळवली की गल्लीत मला खांद्यावर घेत्यात, जिलबी चारत्यात. तुमी कार्ड मला दावता. त्यास्नी काय दावणार?" तो प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहे.  परवा नातवाशेजारी बसून परदेशातला सामना बघत होते. पडलेला खेळाडू पडद्यावर सावकाश, पुढून, मागून, वरून दाखवत होते. नातू म्हणाला, आजी, आता कुणी फसवू शकत नाही. मी म्हटलं, पडलाय का पाडलाय ते कळेल रे. पण लोक त्याला खांद्यावर का घेतात, ते कॅमेऱ्यात कुठं दिसतंय?

एक उपाय आईनं काढला. आम्ही घरी येऊन हेच बोलत होतो, तर चटणी कालवता कालवता ती म्हणाली, "त्यात काय एवढं? तुमची ही दोघं शाळा चुकवायला पोट दुखतंय म्हणायची, तवा मी काय करायची? काढा द्यायची आन् दिवसभर हातरुणात निजवायची. खरं दुखत असलं तर बरं वाटायचं. खोटं असलं तर परत दुखायचं न्हाय. पडला की लगीच झोळीत घाला, भाईर न्या, डागदरला दावा, आन् घटकाभर निजवा. कार्ड नको आन् काय नको." आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. खरं लागलेल्याची काळजी आणि खोट्याला शिक्षा, दोन्ही एकाच झोळीत!

मोठ्या सामन्यांत असले घरचे नियम चालत नाहीत. पण सुट्टीतल्या पोरांच्या स्पर्धेत आप्पांचा शब्द होता. तिथं हा नियम लावला. रंगादादा कुबड्या घेऊन स्ट्रेचरशेजारी बसायचा. पहिल्या दिवशी बरीच पोरं पडली आणि बाहेर निजली. रंगादादा त्यांच्या अंगावर चादर ओढून म्हणायचा, "गप पड, पावणं. पाय दुखतोय न्हवं तुजा?" दोन दिवसांत पडणं जवळपास थांबलं. आप्पा इतके खूश झाले की आईला त्यांनी मैदानावर येऊन बघायला लावलं. आणि ती आली त्याच दिवशी रंगादादाच्या लक्षात आलं की एक पोरगा बॉल फेकायला पुढं येतच नाही, डावा हात अंगाशी धरून पळतोय. सामना थांबवून बघितलं तर गळपट्टीचं हाड मोडलेलं. सामना सुरू झाल्या झाल्याच मोडलं होतं, आणि बाहेर निजवतील म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं त्या पोराला बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काढून टाका माझा नियम. खोट्याला बरा हुता, खऱ्याला मारायला लागला."

रंगादादाचा पाय बरा झाला, पण पहिल्यासारखा झाला नाही. खेळ सुटला, तो आईबरोबर बाजारात बसायला लागला, आणि आमच्या घरी मात्र येत राहिला. मिरचीच्या दिवसांत येऊन पोती उतरवून द्यायचा. आईला तो मामी म्हणायचा. आप्पांनी पंचगिरी सोडायचं ठरवलं होतं, पण मंडळी ऐकेनात. पुढच्या हंगामात ते पुन्हा उतरले तेव्हा त्यांच्यात एक बदल झालेला. कुणी पडलं की ते आधी शिट्टी वाजवून खेळ थांबवायचे, पडलेल्याजवळ गुडघ्यावर बसायचे आणि विचारायचे, "लागलं का?" त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे, आणि मग निर्णय द्यायचे. लोक वैतागायचे. "ओ डागदर, शिट्टी मारा की!" असं गॅलरीतून ओरडायचे.

असाच एक सामना. किरण नावाचा एक कोवळा फॉरवर्ड होता, नुकताच मोठ्या संघात आलेला. चौकोनात पडला. हात टेकले होते, पडणं अगदी खरं दिसत होतं. मी खुर्चीतून बघत होते आणि शपथेवर सांगितलं असतं की पाडलाय. आप्पा गुडघ्यावर बसले. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की किरणनं एकदा आपल्या गॅलरीकडं बघितलं, मग आप्पांकडं, आणि नकारार्थी मान हलवली. आप्पा उठले, पिवळं कार्ड वर केलं, आणि मग दुसरा हात पुढं करून त्याला उठवलं. उठवल्यावरही त्याचा हात तसाच हातात धरून उभे राहिले. पेनल्टी नाही. किरणचा संघ तो सामना हरला.

संध्याकाळी आमच्या सोप्यात रंगादादा आप्पांवर तुटून पडला. "त्यो न्हाय म्हणाला न्हवं? तोंडानं कबूल केलं न्हवं त्यानं? मग कार्ड कशापायी?"

"पडला म्हणून."

"आन् खरं बोलला त्येचं?"

"त्येच्यासाठी हात दिला की."

"हात!" रंगादादा कपाळावर मारून घेत म्हणाला. "आप्पा, असं केलं तर उद्या कोण खरं बोलंल?"

"आन् कार्ड दिलं नसतं तर उद्या सगळीच पडतील आन् मला खरं सांगतील," आप्पा म्हणाले. "सांगितलं की सुटला. मग ती बी एक पडायची तऱ्हाच झाली की."

आई भाकऱ्या थापत होती, मी चुलीजवळ मिरचीचा खर्डा वाटत होते. तेवढ्यात दाराशी कुणीतरी आलं. किरण होता. खेळायचे कपडे तसेच, बूट हातात. त्याच्या तालमीतल्या, म्हणजे संघ चालवणाऱ्या लोकांनी त्याला मैदानाबाहेर गाठून नाही नाही ते सुनावलं होतं. एकानं मुस्काटातही दिली होती, गाल लाल दिसत होता. गल्लीत पाऊल टाकू नकोस म्हणाले होते, आणि घर तर त्याच गल्लीत. तो कुठं जावं म्हणून फिरत फिरत आमच्याकडं आला होता, रागानं की आधाराला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"आत ये," आप्पा म्हणाले.

तो आत आला नाही. उंबऱ्यापलीकडूनच म्हणाला, "तुमी इचारलं म्हणून मी सांगितलं. पेनल्टी गेली, सामना गेला, कार्ड मला, मार मला. मग खरं सांगून मला मिळालं काय?"

रंगादादानं आप्पांकडं बघितलं. मीही बघितलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. 

"काय न्हाय मिळालं," आप्पा म्हणाले. "काय मिळत असतं, तर तू खरं बोललास म्हणून मला एवढं बरं वाटलं नसतं."

किरण तसाच उभा राहिला. त्याला ते पटलं की नाही, कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. रंगादादा कुबडीशिवाय, लंगडत उठला, दारापर्यंत गेला आणि त्याच्या हातातले बूट काढून घेतले. आईनं ताट वाढलं. भाकरी, खर्डा, वर शेंगदाण्याचं तेल. "जेव आदी," ती म्हणाली. "गल्लीत सोडाय हे दोघं येतील तुज्यासंगं." तो बसला. मान खाली घालून त्यानं भाकरी मोडली, खर्ड्याला लावली, आणि पहिल्याच घासाला त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. खर्डा तिखट झालाय का, असं मी त्याला विचारलं नाही.